कान, नाक, जबडा, मान: तालमीतल्या दुखापतींना किती वेळ असतो

एका गावच्या तालमीतून आलेला प्रश्न थोडक्यात असा: तालमीत मुले मातीवरही खेळतात आणि मॅटवरही. सोळा वर्षांच्या एका मुलाचा कान परवा सरावात घासला. आता कानाच्या वरच्या भागात लिबलिबीत फुगवटा आलाय, दुखत मात्र फारसे नाही. जुने पैलवान म्हणतात, पैलवानाचा कान असाच बनतो, सोडून द्या. एकाने सुईने रक्त काढून देतो म्हटलेय. काय करावे? शिवाय तोंडाला, नाकाला, मानेला लागले तर तालमीत काय करायचे आणि शहराकडे कधी पळायचे, हेही विचारले आहे, कारण मोठा दवाखाना तासाभराच्या वाटेवर आहे.

मी कान-नाक-घशाचा सर्जन आहे आणि कुस्ती-कबड्डीच्या पट्ट्यातच आयुष्यभर काम केले आहे. कानापासून सुरुवात करतो, कारण त्याची घाई आहे. त्या मुलाला आजच कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे न्या. उद्याच्या सरावानंतर नाही, रविवारी सवड काढून नाही. आज.

कारण सांगतो. बाहेरच्या कानाला आकार देते ती आतली कूर्चा, म्हणजे वाकणारे मऊ हाड. या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिच्या दोन्ही बाजूंना चिकटलेले पातळ आवरण तिला पोसते. पट काढायला, म्हणजे पाय धरून पाडायला, शिरताना कान समोरच्याच्या मांडीवर रगडला जातो, गर्दनखेच करताना डोक्याला डोके घासते, आणि त्या रगड्यात हे आवरण कूर्चेपासून सुटते. मधल्या फटीत रक्त साचते. कानाच्या पुढच्या बाजूची कातडी कूर्चेला घट्ट धरून असते, म्हणून फुगवटा बहुतेक वेळा पुढेच दिसतो, वरच्या खोलगट भागात. हाताला मऊ लागतो आणि कानाच्या घड्या पुसल्या जातात. दुखणे ओसरले की सगळे म्हणतात, बरा झाला. आत मात्र कूर्चा उपाशी असते. साचलेल्या रक्ताची गाठ बनते, त्या गाठीत नवी वेडीवाकडी कूर्चा तयार होते आणि काही आठवड्यांत कान दगडासारखा घट्ट होतो. एकदा तसा झाला की सुईने, शेकाने, मालिशने कशानेच परत येत नाही.

पहिल्या एक-दोन दिवसांत आलेला कान बहुतेक वेळा पूर्ववत करता येतो. आठवड्यापर्यंत आला तरी बरेच वाचते. त्यानंतर मात्र आम्ही फक्त नुकसान कमी करतो.

आता सुईचे. तालमीत कुणी सिरिंजने रक्त ओढून देतो म्हणत असेल तर स्पष्ट नाही म्हणा. तो माणूस वाईट नसतो, मुलाच्या काळजीनेच करत असतो, पण त्याच्या हातून तीन गोष्टी होत नाहीत. एक म्हणजे परवाचे रक्त आज गोठलेले असते, ते सुईतून पुरते निघत नाही. दुसरे, निघाले तरी आवरण कूर्चेवर दाबून धरले नाही तर रात्रीतून फट पुन्हा भरते. कानाला नुसते फडके गुंडाळून हा दाब मिळत नाही, कारण कानाला उंचसखल घड्या आहेत. तिसरे आणि सगळ्यात वाईट म्हणजे संसर्ग. मातीत खेळलेल्या कानात अशुद्ध सुई गेली की कूर्चेत पू होतो आणि कूर्चा विरघळत जाते. हे ओळखायची एक खूण लक्षात ठेवा: पूर्ण कान लाल, गरम आणि हात लावू देत नाही इतका दुखरा, पण खालची मऊ पाळी, जिथे डूल घालतात ती, साधी राहिलेली. त्या पाळीत कूर्चाच नसते म्हणून ती वाचते. असा कान दिसला तर दाखल करून शिरेतून औषधे द्यावी लागतात, घरी गोळ्यांवर थांबायचे नाही.

दवाखान्यात काय करतात तेही सांगतो, म्हणजे मुलाची भीती कमी होईल. कानापुरती भूल देतात. फुगवटा लहान आणि ताजा असेल तर निर्जंतुक जाड सुईने रक्त काढतात. मोठा किंवा दोन दिवसांहून जुना असेल तर कानाच्या घडीत लपेल असा छोटा छेद घेऊन गुठळी काढतात आणि आतून धुतात. मग पुढून-मागून कापसाचे छोटे रोल किंवा सिलिकॉनच्या पट्ट्या ठेवून आरपार टाके घालतात, म्हणजे आवरण कूर्चेला चिकटून बसते. हे रोल आठवडाभर राहतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा दाखवणे टाळू नका, कारण फट पुन्हा भरली तर तेव्हाच कळते. त्यानंतर कमीत कमी दोन आठवडे जोड धरायची नाही, म्हणजे कुणाशी कुस्ती खेळायची नाही. जोर-बैठका, धावणे चालेल. परतताना कानपट्टी, म्हणजे कान झाकणारे कवच, बांधूनच. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन कुस्तीत कानपट्टी अनेक वर्षे सक्तीची होती. आपल्याकडे मुलांना ती बांधायला लाज वाटते, म्हणून सुरुवात वस्तादांनी करावी. पुढे उभ्या असलेल्या पोराला पट्टी बांधायला लावली की मागची आपोआप बांधतात.

मोडलेल्या कानाचा मान मला ठाऊक आहे. गावात त्या कानावरून ओळख पटते, लोक वाट देतात. पण मी त्याच पैलवानांना पन्नाशीत पाहतो. कानाचे भोक अरुंद झालेले, मळ अडकून राहतो, ऐकायला कमी आले तर यंत्राचा साचा बसत नाही. ज्याला तो कान हवाच आहे त्याने सज्ञान झाल्यावर स्वतः ठरवावे. सोळा वर्षांच्या मुलाच्या वतीने तालमीने ठरवू नये.

जुना, घट्ट झालेला कान त्रास देत नसेल तर तसाच राहू द्या. आकारासाठी शस्त्रक्रिया करता येते, पण कुस्ती सोडल्यावर, नाहीतर पुन्हा तेच.

जाता जाता भिकबाळीबद्दल. हल्ली पोरे हौसेने घालतात. ती कानाच्या वरच्या भागात, म्हणजे कूर्चेतूनच टोचलेली असते. खेळायला उतरण्याआधी ती काढायची, अपवाद नाही. आणि नव्याने टोचलेला कान पूर्ण भरेपर्यंत मातीत उतरायचे नाही. कूर्चेत पू झालेले कान टोचून घेतल्यानंतरही येतात. कानाचा तुकडा तुटून पडला तर तो स्वच्छ ओल्या गॉजमध्ये गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. तुकडा थेट बर्फात किंवा पाण्यात टाकला की वाया जातो.

कानाच्या आतले दुखणे वेगळे. कानशिलात बसली, कबड्डीत तळहात कानावर आपटला, किंवा विहिरीत उडी मारताना कानावर पडला, की आतली हवा एकदम दाबली जाऊन पडदा फाटतो. मुलगा सांगतो, कान बंद झाला, शिट्टी वाजतेय, थोडे रक्त आले. इथे आपल्या घरांतली एक सवय घात करते: लसूण घालून कोमट केलेले खोबरेल कानात सोडणे. फाटलेल्या पडद्यातून ते थेट मध्यकर्णात जाते. तेल नाही, दुकानातून आणलेले थेंब नाहीत, काडी नाही, पाणी नाही. आंघोळीच्या वेळी कापसाच्या बोळ्याला व्हॅसलिन लावून तो कानाच्या तोंडाशी ठेवायचा, पोहणे बंद, नाक जोरात शिंकरायचे नाही. एवढे पाळले तर असे बहुतेक पडदे दोन-तीन महिन्यांत आपले आपण भरतात. तरी त्याच आठवड्यात तपासून ऐकण्याची चाचणी करून घ्यावी. मात्र जोडीला गरगरत असेल, अचानक अजिबात ऐकू येईनासे झाले असेल किंवा तोंड वाकडे दिसत असेल तर त्याच दिवशी जायचे, कारण मग इजा पडद्याच्या पलीकडे पोचलेली असते.

डोके आपटल्यावर कानातून किंवा नाकातून पाण्यासारखा पातळ स्राव येऊ लागला, विशेषतः खाली वाकल्यावर थेंब-थेंब पडला किंवा घशात खारट लागला, तर तो मेंदूभोवतीचा द्रव असू शकतो. कापूस कोंबू नका, नाक शिंकरू देऊ नका, डोके थोडे उंच ठेवून निघा. कानामागच्या हाडावर काळेनिळे दिसणे ही कवटीच्या तळाला तडा गेल्याची खूण आहे. ती एक-दोन दिवसांनी उमटते, म्हणून पहिल्या दिवशी नव्हती यावर निर्धास्त राहू नका.

आता नाक. रक्त आले की आपल्याकडे मान मागे टाकतात, कांदा हुंगायला देतात, डोक्यावर पाणी ओततात. मान मागे टाकली की रक्त पोटात जाते, मग उलटी होते, आणि किती गेले ते कळत नाही. बसवा, किंचित पुढे वाकवा, नाकाचा खालचा मऊ भाग दोन बोटांत घट्ट धरा. हाडावर धरून उपयोग नाही. दहा ते पंधरा मिनिटे न सोडता धरायचे, मध्येमध्ये उघडून बघायचे नाही. तोंडात आलेले रक्त थुंकू द्या. दोनदा असे करूनही थांबले नाही तर न्या.

नाक वाकडे झाले का, हे सगळे बघतात. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते आतले. रक्त थांबल्यावर बॅटरीच्या उजेडात दोन्ही नाकपुड्यांत बघा. मधला पडदा एका किंवा दोन्ही बाजूंनी लालसर-जांभळा फुगलेला दिसतो का? मुलगा म्हणतो का, नाक दोन्ही बाजूंनी गच्च बंद आहे? तसे असेल तर पडद्यात रक्त साचले आहे. गोष्ट कानासारखीच, कारण नाकाचा मधला पडदाही कूर्चेचाच आहे. फरक एवढाच की इथे वेळ फार कमी. एक-दोन दिवसांत रक्त काढले नाही तर कूर्चा मरते, तीन-चार दिवसांत पू होतो, आणि काही महिन्यांनी नाकाचा दांडा मधोमध खचतो. वाढत्या वयाच्या मुलात तर पुढची वाढही बिघडते. बाहेरून नाक सरळ दिसत असतानाही हे होते. म्हणून नाकावर मार बसलेल्या प्रत्येक मुलाची त्या दिवशी एकदा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा, अशी दोनदा तपासणी झाली पाहिजे. माझ्याकडे येणाऱ्या खचलेल्या नाकांपैकी कितीतरी जणांच्या हातात पहिल्या दिवसाचा एक्स-रे असतो. एक्स-रेमध्ये हाड दिसते, साचलेले रक्त दिसत नाही. नाकाच्या साध्या मोडीसाठी एक्स-रेवर मी फारसा विसंबतही नाही, डोळा आणि बोट जास्त सांगतात.

हाड बसवायची घाई मात्र तितकी नसते. सूज चढली असेल तर ती उतरू द्यायची आणि मग बसवायचे. मोठ्यांत साधारण सात ते दहा दिवसांच्या आत, लहान मुलांत त्याहून लवकर, कारण त्यांचे हाड लवकर धरते. तीन आठवडे झाल्यावर येणाऱ्याला मग नाक नव्याने मोडून मोठी शस्त्रक्रिया करावी लागते.

चेहऱ्यावरच्या जखमांत मातीचा मुद्दा तालमीसाठी खास आहे. हौदातल्या, म्हणजे आखाड्यातल्या मातीत हळद, तेल, ताक घालतात, तिला औषधी मानतात, आणि खरचटल्यावर तीच माती चोळतात. त्या मातीवर माझाही जीव आहे. पण उघड्या जखमेत ती दोन गोष्टी करते. धनुर्वाताचे जंतू नेते, आणि तिचे कण कातडीत अडकून गोंदल्यासारखे निळसर डाग कायमचे राहतात. हे कण पहिल्या दिवशी भूल देऊन ब्रशने घासून काढता येतात, कातडी भरल्यावर नाही. तेव्हा खरचटले की वाहत्या स्वच्छ पाण्याखाली धरा, साबण वापरा, स्वच्छ कापडाने दाबा आणि न्या. कुंकू, चुना, तंबाखू, कॉफी पावडर काही भरू नका. तालमीतल्या प्रत्येक मुलाच्या धनुर्वाताच्या लसींची नोंद एका वहीत असावी.

चेहऱ्याला रक्तपुरवठा भरपूर असतो. त्यामुळे जखम दिसते त्याहून भयंकर वाहते, आणि भरतेही छान. टाके चोवीस तासांपर्यंतही घालता येतात. म्हणजे रात्री अकरा वाजता जो भेटेल त्याच्याकडून ओठ शिवून घेण्यापेक्षा जखम धुऊन, झाकून सकाळी नीट हाताकडे नेणे चांगले. ओठाची लाल कड एका मिलिमीटरने चुकली तरी समोरच्याला आयुष्यभर दिसते. गालावरची खोल जखम असेल तर भूल देण्याआधी डॉक्टरांनी मुलाला भुवया उचल, डोळे घट्ट मिट, दात दाखव असे सांगून बघितले पाहिजे. चेहऱ्याची नस तुटली असेल तर ती पहिल्या तीन दिवसांत शोधणे सोपे असते, कारण तुटलेले पुढचे टोक तोवर विजेच्या हलक्या झटक्याला दाद देते. भूल दिल्यावर हे कळत नाही. तुम्ही सोबत असाल तर विचारायला संकोचू नका.

कुत्र्याने चेहऱ्याला चावले तर वेगळा नियम. साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि लगेच जा. चेहरा मेंदूच्या जवळ आहे, म्हणून नुसती लस पुरत नाही, जखमेत रेबीजचे इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) भरावे लागते, आणि टाके घालायचेच झाले तर त्यानंतर.

जबड्याची मोड हुकते ती हनुवटीच्या जखमेमुळे. मुलगा हनुवटीवर पडतो, तिथे चीर पडते, सगळ्यांचे लक्ष त्या चिरेकडे जाते, चार टाके पडतात आणि घरी पाठवतात. पण हनुवटीवरचा मार वर चढून कानापुढच्या सांध्यापर्यंत जातो आणि हाड तिथे मोडते. म्हणून हनुवटीला लागलेल्या प्रत्येकाच्या कानाच्या अगदी पुढे बोट ठेवून त्याला तोंड उघडायला-मिटायला सांगा. तिथे कळ आली, तोंड उघडताना हनुवटी एका बाजूला सरकली, किंवा त्याने म्हटले की दात पूर्वीसारखे जुळत नाहीत, तर मोड समजूनच चाला. दात जुळतात का हे पोराइतके कुणालाच अचूक कळत नाही. एक्स-रे ठीक आहे म्हणाले तरी त्याच्या या वाक्यावर मी जास्त विश्वास ठेवतो. जीभ उचलायला सांगून खाली बघा, तिथे काळेनिळे असेल तर खालचा जबडा बहुधा मोडला आहे. कानातून रक्त आले तरी ते याच सांध्याने कानाची पुढची भिंत फाडल्याचे असू शकते. सांध्याची मोड लहान मुलात दुर्लक्षित राहिली तर पुढे तोंड उघडेनासे होते आणि जबडा एका बाजूने वाढत नाही.

गालाचे हाड खचले तर पहिल्या तासात खळगा दिसतो, मग सूज त्याला झाकते. डोळ्याखालचा भाग, वरचा ओठ, वरचे पुढचे दात बधिर झाले असतील किंवा एकाच्या दोन वस्तू दिसत असतील तर सीटी स्कॅन लागतो. तोवर नाक शिंकरायचे नाही, शिंकरले की हवा डोळ्याभोवती शिरून डोळा टम्म फुगतो. लहान मुलांत एक फसवा प्रकार आहे. डोळा बाहेरून अगदी स्वच्छ, लाली नाही, पण वर बघायला सांगितले की एक डोळा वर जात नाही आणि पोर उलट्या करते. डोक्याला लागले म्हणून उलट्या होताहेत असे वाटते. खरे तर डोळ्याच्या खोबणीच्या तळाला पडलेल्या फटीत स्नायू चिमटलेला असतो, आणि तो एक-दोन दिवसांत सोडवावा लागतो.

पडलेला कायमचा दात मुळाला हात न लावता, वरच्या भागाने धरायचा, मळला असेल तर हलकेच धुवायचा आणि जमल्यास तिथल्या तिथे खाचेत बसवून रुमाल चावायला द्यायचा. जमत नसेल तर थंड दुधात ठेवून तासाभरात दंतवैद्य गाठायचा. दुधाचा दात परत बसवत नाहीत. आणि दात सापडलाच नाही तर छातीचा एक्स-रे काढा, तो श्वासनलिकेत गेलेला असू शकतो.

मानेसाठी मोजायला दिवसही नसतात आणि बहुतेक वेळा तासही नसतात.

आधी मणके. मानेवर आपटलेला मुलगा मानेच्या मधोमध मागे दुखते म्हणाला, हातापायांत मुंग्या आल्या, जोर कमी वाटला, किंवा शुद्ध हरपली होती, तर त्याला आहे तिथेच पडू द्या. हौदातून ओढून बाहेर काढायचे नाही, बसवायचे नाही, पाणी पाजायचे नाही. एकाने डोक्याशी गुडघे टेकून दोन्ही हातांनी डोके आहे त्या स्थितीत धरायचे आणि दुसऱ्याने १०८ लावायचा. ही सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे आणि त्या गाडीत मान बांधायचा पट्टा असतो. उलटी आली तर तिघा-चौघांनी डोके, छाती, कंबर एकदम एका रेषेत कुशीवर वळवायचे. श्वासच थांबला असेल तर मात्र आधी श्वास, मग मान. एका हातात विजेसारखी सणक जाऊन दोन-चार मिनिटांत पूर्ण उतरली, तर ती बहुतेक वेळा खांद्याकडे जाणारी नस ताणल्याची असते. तरी त्या दिवशी खेळ बंद. दोन्ही हातांत तसे झाले तर ते मणक्याचेच समजा.

आणि मान बसवणे. मान अडकली की मालिशवाला झटका देऊन कडकन आवाज काढतो आणि बरे वाटते, हे मी किती ऐकले आहे. मार लागलेल्या मानेला असा झटका देणे तालमीत पूर्ण बंद करा. निसटलेला मणका असेल तर त्या एका झटक्यात मुलगा मानेखाली लुळा होऊ शकतो. आखडलेल्या मानेला मालिश हवीच असेल तर ती मार नसताना, हलक्या हाताने.

दुसरे, गळा. कबड्डीत गुडघा किंवा कोपर गळ्यावर बसतो, कुस्तीत कोपराच्या बेचक्यात गळा आवळला जातो. बाहेर ओरखडाही नसतो. माझ्याकडे कबड्डी खेळणारी एक मुलगी आली होती, चालत, स्वतःच्या पायांनी. तक्रार एवढीच की आवाज बसलाय. गळ्यावर नीट बघितले तर घाटीचा उंचवटा सपाट झाला होता. बोट फिरवले तेव्हा कातडीखाली, भाजलेल्या पोह्यांवर बोट दाबावे तशी चुरचुर लागली. ती चुरचुर म्हणजे फुटलेल्या स्वरयंत्रातून बाहेर पडलेली हवा. दुर्बिणीतून आत सूज चढताना दिसत होती. तिला लगेच अतिदक्षता विभागात घेतले आणि श्वासाचा मार्ग सुरक्षित केला. ती घरी झोपली असती तर रात्री श्वास बंद झाला असता. गळ्यावर मार बसल्यावर आवाज बदलला, गिळताना दुखले, थुंकीत रक्त आले, आडवे पडवेना, श्वास घेताना घरघर झाली, यातले एकही असेल तर तो माणूस बोलतोय, चालतोय म्हणून थांबू नका.

गळा आवळला गेल्यावर काही तासांनी किंवा दिवसांनी मानेच्या एका बाजूला दुखणे, त्याच बाजूचे डोके दुखणे, एक पापणी खाली येणे, बाहुली लहान दिसणे, ही मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी आतून चिरल्याची लक्षणे असू शकतात. पुढची पायरी पक्षाघात. कुस्तीच्या पोरांना हे सांगून ठेवाच. आणि तुमच्या गावातली कुणी बाई आवाज बसला, गळा दुखतो म्हणत पदर गुंडाळून आली, डोळ्यांत लाल ठिपके दिसले, तर तिला एकटीला बाजूला घेऊन विचारायला कुणी बाईमाणूस पाठवा. नवऱ्याने गळा दाबल्याचे ती चारचौघांत सांगणार नाही, आणि वैद्यकीय धोका तिलाही तोच आहे. ओढणी किंवा पदर दुचाकीच्या चाकात, मळणी यंत्रात अडकून झालेली इजाही याच वर्गातली.

तिसरे, कापलेली मान. संक्रांतीच्या दिवसांत नायलॉन मांजाने दुचाकीस्वारांचे गळे कापले जातात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर त्यावर बंदी घातली, तरी दर जानेवारीत या जखमा येतात. अशा माणसाला आडवे करा. मानेची मोठी शीर उघडी पडली असेल आणि माणूस बसलेला असेल तर ती हवा आत ओढते. रक्त तोंडात येऊन गुदमरत असेल तरच पुढे वाकवून बसवायचे. जिथून रक्त येतेय नेमके तिथे स्वच्छ कापडावरून बोटांनी किंवा तळव्याने दाबा आणि दवाखान्यापर्यंत तो हात उचलू नका. गळ्याभोवती फडके आवळायचे नाही, दोन्ही बाजू एकदम दाबायच्या नाहीत. काच, सळी रुतली असेल तर काढायची नाही, आजूबाजूला कापड रचून ती हलणार नाही असे करायचे. जखम किती खोल आहे हे बोट किंवा चिमटा घालून बघायचे नाही, आतली गुठळी सुटली की रक्त आवरत नाही. जखमेतून बुडबुडे येत असतील, सूज वाढत असेल, रक्त उसळी मारत असेल तर वाटेतल्या छोट्या दवाखान्यात टाके घालायला थांबू नका, जिथे रात्रीही शस्त्रक्रिया होते तिथेच थेट जा.

ते ठिकाण कोणते, हे आजच ठरवा. आजूबाजूच्या कोणत्या रुग्णालयात रात्री सीटी स्कॅन, भूलतज्ज्ञ आणि कान-नाक-घशाचा सर्जन मिळतो हे दिवसा फोन करून विचारा आणि ते क्रमांक तालमीच्या दारावर लिहा. पेटीत हातमोजे, निर्जंतुक गॉज, सलाईनची बाटली, बँडेज, बॅटरी, कात्री एवढे पुरे, सिरिंज नको. आणि एक वही ठेवा: कुणाला, कधी, कुठे लागले. डॉक्टरला सगळ्यात आधी हवी असते ती वेळ, आणि ती कुणालाच नीट आठवत नसते.